‘संपलं’ असं कोण लिहितं?



दर अंकात या पानावर आपण दाव्यांचंच लिहितो. सामूहिक दाव्याचा कागद कुठं अडकला, मोजणीवाले कधी येणार, वरच्या समितीनं कोणता पुरावा मागितला, हेच. या वेळी आम्ही एका फुलावर लिहायचं ठरवलं. "जमिनीचं सोडून हे फुलाचं काहून काढलं बा?" असं कोणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचा. ज्याला वाचता येत नाही त्यानं पोरीकडून, नातवाकडून वाचून घ्यावं. फुलाची गोष्ट सुरू झाली तरी ती आपल्या दाव्यावरच येऊन थांबते.

सह्याद्रीचे घाट म्हणजे आपल्या लाखनीहून महाराष्ट्राचं दुसरं टोक. इंग्रज राज्यात पुण्याच्या सायन्स कॉलेजात वुडरो नावाचे साहेब वनस्पतीशास्त्राचं काम पाहत. वाळवलेल्या झाडपाल्याचा तिथला संग्रह रानडे नावाचे मराठी गृहस्थ सांभाळत. त्या काळात सह्याद्रीतून एक झुडूप त्यांच्या हाती आलं. माणसाहून उंच, पानं लवेची, आणि फुलं नारिंगी-पिवळी, लाल शिरांची, घंटेसारखी खाली लोंबणारी. १८९४ साली इंग्लंडातल्या क्यू बागेच्या पत्रिकेत त्याची नोंद छापून आली. रानड्यांच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं अब्युटिलॉन रानडेई. मराठीत त्याला सोनघंटा म्हणतात. भेंडी, अंबाडी, कापूस यांच्याच कुळातलं झाड. आपल्या धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला जी पिवळ्या फुलांची पेटारी उगवते ना, तिची ही जवळची बहीण.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं सोनघंटेची धड नोंद कुठं झाली नाही. जाणकारांनी मानलं की बहुतेक ही वनस्पती संपली. मग विसाव्या शतकाच्या शेवटाकडं वनस्पतीशास्त्राची माणसं पुन्हा डोंगर चढली, कडेकपारीत हिंडली, आणि सोनघंटा सापडली. आज ती सह्याद्रीत मोजक्या जागी आहे. झाडं थोडी आहेत, धोका टळलेला नाही, पण आहेत.

आता विचार करा. त्या शंभर वर्षांत सोनघंटा कुठं गेली होती? कुठंच नाही. ती आपल्या जागी दरवर्षी फुलत होती, बी टाकत होती. ‘संपली’ हे कागदावर लिहिलं गेलं, झाडाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

हा कागद कसा तयार होतो ते आपण समजून घेतलं पाहिजे. शास्त्रज्ञ रानातून फांदी, पान, फूल आणतात, कागदाच्या घडीत दाबून वाळवतात, जाड पुठ्ठ्यावर चिकटवतात. खाली चिठ्ठी लावतात: नाव काय, कुठं मिळालं, कोणत्या तारखेला, कोणी आणलं. ही चिठ्ठी म्हणजे त्या झाडाचा सातबारा. पुढं कोणी तसंच झाड आणलं की जुन्या पुठ्ठ्याशी ताडून पाहतात. बरीच वर्षं नवी चिठ्ठी आली नाही की पुस्तकात लिहितात: दुर्मिळ. आणखी वर्षं गेली की लिहितात: बहुधा नामशेष. या पद्धतीत मेहनत आहे, शिस्त आहे, ती आपण शिकली पाहिजे. पण चिठ्ठीवर ‘कोणी आणलं’ इथं गुराख्याचं, कांद खणणाऱ्या बाईचं, वैदूचं नाव क्वचित येतं. ज्याला विचारलंच नाही त्याचं उत्तर कागदावर कुठून येणार?

आणि चिठ्ठीच खोटी असली तर काय होतं, त्याचीही एक गोष्ट आहे. ती फुलाची नाही, घुबडाची आहे, पण आपल्या रस्त्यावरून जाते.

लाखनीवरून जो हायवे रायपूरकडं जातो, तोच पुढं छत्तीसगडात बसना-सरायपालीहून संबलपूरला निघतो. त्या बसना-फुलझरच्या भागात, म्हणजे गोंड जमीनदारीच्या मुलखात, १८७२ साली ब्लेविट नावाच्या साहेबानं एक लहान घुबड मारून आणलं. पुढच्या वर्षी ह्यूम साहेबानं त्याला ब्लेविटचं नाव दिलं. आपण त्याला वनपिंगळा म्हणतो. नंतर खानदेशात डेव्हिडसन नावाच्या साहेबाला शहाद्याकडच्या रानात आणखी काही मिळाले. १८८४ नंतर मात्र खरी नोंद नाही. सगळ्या जगाच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची अवघी सात कातडी होती.

त्यातल्या एकावर चिठ्ठी होती: १९१४, मांडवी, गुजरात. ती लावणारा माइनर्ट्झहागेन हा इंग्रज फौजेचा नावाजलेला अधिकारी. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून मोठमोठे पक्षीतज्ज्ञ गुजरातेत शोधत फिरले. पक्षी मिळाला नाही. मग म्हणाले, संपला. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईनं ती कातडी बारकाईनं तपासली. तेव्हा उघड झालं की ते कातडं माइनर्ट्झहागेननं संग्रहालयातून चोरलं होतं. होतं डेव्हिडसनचं, खानदेशातलं. जुनी चिठ्ठी काढून त्यावर खोटी जागा आणि खोटी तारीख लावली होती. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून बाई आणि त्यांचे दोन साथी खऱ्या जागेकडं वळले. २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, वनपिंगळा दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. नंतर तो आपल्या विदर्भात, मेळघाटातही सापडला.

शहादा म्हटलं की आपल्या चळवळीला काय आठवतं? अंबरसिंग महाराज आठवतात. १९७२ ची श्रमिक संघटना आठवते. भिलांच्या जमिनी खोट्या कागदांनी सावकार-गुजरांकडं गेल्या, आणि त्या परत मिळवायला माणसं रस्त्यावर उतरली, तेच शहादा. एकाच मुलखात पक्ष्याचा ठावठिकाणा खोट्या कागदानं हरवला आणि माणसाची जमीनही खोट्या कागदानं गेली. दोन्ही वेळी जागेवर जाऊन पाहिलं तेव्हा खरं काय ते कळलं.

आता नावाचं पाहा. जुन्नरकडच्या डोंगरात, शिवनेरीच्या कड्यावर एक मांसल खोडाची, तांबड्या चांदणीसारख्या फुलाची वनस्पती आहे. तिथले लोक तिला शिंदळ माकुडी म्हणतात. १८६० च्या दशकात डॅल्झेल साहेबानं ती शास्त्रात नोंदवली आणि नाव ठेवलं फ्रेरिया इंडिका. फ्रेरे कोण? तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर. त्यानं ती शोधली नव्हती. पुढं ही वनस्पती जगातल्या सर्वांत धोक्यातल्या बारा वनस्पतींमध्ये गणली गेली आणि गव्हर्नरचं नाव जगभर गेलं. शिंदळ माकुडी हे नाव डोंगरातल्या माणसांच्या तोंडी राहिलं. शास्त्राला एक पक्कं नाव लागतं, हे आम्हाला मान्य आहे. पण लोकांच्या नावात माहिती असते: कुठं उगवते, खातात का, गुरं तोंड लावतात का, कोणत्या नक्षत्रात फुलते. नाव विसरलं की ही माहितीही जाते, आणि मग ती वनस्पती गावापुरती खरोखर संपते.

आता आपल्या तालुक्यात येऊ.

पूर्व विदर्भात सरकारी दप्तरात एक शब्द आहे: झुडपी जंगल. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा या जिल्ह्यांत हजारो हेक्टर जमीन या नावाखाली लिहिली आहे. हे नाव देणाऱ्याला तिथं काय दिसलं? खुरटी झाडं, काटे, पडीत. आपल्याला तिथं काय दिसतं? गुरांचा चारा. पहिल्या पावसात सात्या. मग काटवल, कुड्याची फुलं, तरोट्याची भाजी. शतावरी, पांढरी मुसळी, कळलावी. चार, टेंभुर, बोरं. बायांच्या वर्षभराच्या भाजीचा आणि औषधाचा हिशेब त्या ‘झुडपी’त आहे. कागदावर एक शब्द लिहिला आणि एवढं सगळं नाहीसं झालं. त्यात एखादी सोनघंटा असेल का? पाहिलंच कोणी नाही.

दुसरा कागद आपल्या बाजूचा आहे. निस्तार पत्रक. मालगुजारी गेल्यावर गावोगाव लिहिलं गेलं की गावाला चराई कुठं, जळतण कुठलं, बांबू-लाकूड-पालापाचोळा कुठून. बऱ्याच गावांत हा कागद कोणी पाहिलेला नाही. तो काढून घ्या. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ख) मध्ये निस्तार हा शब्द सरळ लिहिला आहे.

इथं फुलाची गोष्ट दाव्याला येऊन मिळते. सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याला पुरावा काय लागतो? पुष्कळ साथींना वाटतं, जुना सरकारी कागदच पाहिजे. तसं नाही. वनहक्क नियमातला नियम १३ वाचा. त्यात म्हटलं आहे की निस्तारासारखे हक्क, परंपरेनं चराईच्या जागा, कंदमुळं गोळा करण्याच्या जागा, चारा, रानातली फळं आणि इतर गौण वनउपजाच्या जागा, मासेमारीच्या जागा, पाणवठे, आणि वैदू जिथून औषधी वनस्पती आणतात त्या जागा, हे सगळं पुरावा म्हणून धरलं जातं. पवित्र झाडं, देवराया, तळी, स्मशानं हेही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी सांगणं हाही पुरावा आहे. म्हणजे आजीला माहीत असलेली कांदाची जागा ही नुसती आठवण नाही. ती लिहिली, ग्रामसभेत वाचली, ठरावात घेतली, की तो कायद्यानं पुरावा झाला.

आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, इथं पेसा लागू नाही, म्हणून आपल्याला काही अधिकार नाहीत असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. वनहक्क कायदा सगळीकडे आहे. कलम ३(१)(झ) प्रमाणं परंपरेनं राखलेलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. जैवविविधतेवरचा आणि तिच्याबद्दलच्या परंपरागत ज्ञानावरचा सामूहिक हक्कही याच कलमात लिहिला आहे. कलम ५ ग्रामसभेला रानातले प्राणी, जंगल, जैवविविधता सांभाळण्याचं बळ देतं. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळवला. त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून ते गाव अभ्यास गट चालवत होतं, बसून वाचत होतं, आपलं जंगल आपण मोजत होतं. त्यांची वही आधी तयार होती, कायदा मागून आला.

आता भीतीचंही बोलू. काही साथी म्हणतात, "दुर्मिळ फूल सापडलं असं बोंबललो तं तार लागेल, आमालेच बाहेर काढतील." ही भीती खोटी नाही. संरक्षणाच्या नावानं माणसं उठवली गेली, असं देशात पुष्कळ ठिकाणी झालं. आपल्या आजूबाजूला अभयारण्यं आहेत, त्यांच्या कडेनं राहणाऱ्यांना हे शिकवायला नको. पण गप्प राहून धोका टळत नाही. आपण लिहिलं नाही तर दुसरा कोणी येईल, फोटो काढेल, त्याच्या नावानं छापेल, आणि त्या कागदात गावाचं नाव ‘धोका’ म्हणून येईल. आपण आधी लिहिलं, ग्रामसभेनं त्याच्या राखणीचा नियम केला, तर तेच फूल सांगेल की हे जंगल कोणी जपलं. कायद्याचं कलम ४(२) लक्षात ठेवा: अभयारण्यातही आधी हक्क मान्य करण्याचं काम पूर्ण झालं पाहिजे, आणि ग्रामसभेची पूर्ण माहितीनिशी, मोकळ्या मनानं दिलेली लेखी संमती पाहिजे. त्याशिवाय कोणाला हलवता येत नाही.

शोधायला येणाऱ्या शास्त्रज्ञांशी आपलं भांडण नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कंदीलपुष्पाच्या दुर्मिळ जाती वाढवून परत डोंगरात लावण्याचं काम झालं. ही कंदिलासारख्या फुलाची वेल, हिचे कांद लोक खातात. असं काम करणारा आपल्या गावी आला तर त्याला पाणी द्या, रान दाखवा. फक्त आधी ग्रामसभेत येऊन काय करणार, काय नेणार, काय छापणार ते सांगायला लावा. छापलेल्या कागदाची एक प्रत गावाला द्या, म्हणा. त्यात गावाचं नाव आणि वनस्पतीचं आपलं नाव पाहिजे.

आणि हरवलेलं परत आणता येतं, याचं उदाहरण शोधायला सह्याद्रीत जायला नको. आपल्या भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांत ढीवर बांधवांनी ते करून दाखवलं. तलावात बेशरम माजली होती, देशी मासे कमी झाले होते. कोणती पाणवनस्पती कोणत्या माशाला लागते हे जुन्या ढीवरांना ठाऊक होतं. ते ज्ञान एकत्र केलं, बेशरम उपटली, तळाची नांगरणी करून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मासे परत येऊ लागले. पाण्यात जे झालं ते रानातही होऊ शकतं.

म्हणून या पावसाळ्यात प्रत्येक गावानं, प्रत्येक टोल्यानं एक काम हाती घ्यावं असं आम्ही सुचवतो. दोनशे पानी एक वही घ्या. वर लिहा: आमच्या रानाची नोंदवही.

एक. प्रत्येक वनस्पतीला एक पान. नाव गोंडीत, हलबीत, मराठीत, जे जे म्हणतात ते सगळं. दोन नावं आली तर दोन्ही लिहा.

दोन. कोणत्या महिन्यात फूल, कोणत्या महिन्यात फळ. माती कशी, सावली की उन्हं, नाल्याकाठी की टेकडीवर.

तीन. खातात, औषध होतं, गुरं खातात, पूजेला लागते, की नुसतीच शोभेची. शोभेचीही लिहा. औषध कसं करतात ते लिहायचं की नाही, ते वैदूनं ठरवावं. ते ज्ञान त्याचं आहे.

चार. आधी किती होती, आता किती आहे. हे साठीच्या वरच्या बायांना विचारा. "आमच्या लहानपणी लय होती, आता दिसत नाही" असं ज्या वनस्पतीबद्दल ऐकाल, तिच्या पानावर लाल खूण करा. ही खुणेची पानं सगळ्यांत महत्त्वाची. या वनस्पतींच्या शोधाला पोरांना, गुराख्यांना, सरपणाला जाणाऱ्या बायांना सांगून ठेवा.

पाच. सापडली तर उपटू नका. एक लहान फांदी फुलासकट वर्तमानपत्रात दाबून वाळवा, तारीख आणि आणणाऱ्याचं नाव लिहा. आणणारी आठवीतली पोरगी असली तर तिचं नाव लिहा. फक्त एक-दोनच झाडं असतील तर फांदीही तोडू नका, मोबाईलवर फोटो पुरे.

सहा. नेमकी जागा गावाच्या वहीतच राहू द्या. दुर्मिळ झाडाला चोर फार. या पत्रकाकडं कळवतानाही नाव आणि महिना एवढंच कळवा, जागा कळवू नका. आम्ही छापणार नाही.

सात. ग्रामसभेत राखणीचा नियम करा. मुसळीचा कांद बी पडल्यावरच खणायचा आणि थोडे कांद मातीत सोडायचे. चारासाठी फांद्या तोडायच्या नाहीत. बाहेरचा व्यापारी मुळासकट उपटून गाडी भरून नेत असेल तर गावानं अडवायचं. लाल खुणेच्या वनस्पतीला कोणी हात लावायचा नाही.

वही झाली की ती ग्रामसभेपुढं मोठ्यानं वाचा. निम्मे सदस्य हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया, हे विसरू नका. बाया नसतील तर वही अर्धीच होईल. ठराव घ्या, सह्या-अंगठे घ्या, आणि वहीची प्रत सामूहिक दाव्याला जोडा. आणखी एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं ही समिती प्रत्येक पंचायतीत पाहिजे, आणि लोकांना विचारून नोंदवही करणं हे तिचं काम आहे. ज्या पंचायतीत समिती फक्त कागदावर आहे, तिथं आपली वहीच तिला कामाला लावेल. मूळ वही मात्र गावाबाहेर देऊ नका. ज्याला पाहायची त्यानं गावात येऊन पाहावी.

सोनघंटेला परत कागदावर यायला शंभर वर्षं लागली, वनपिंगळ्याला एकशे तेरा. आपल्याला एवढा वेळ नाही. ज्या आजीला नावं माहीत आहेत ती आज ऐंशीची आहे. तिच्याकडं या आठवड्यातच जा, वही घेऊन.

जल, जंगल, जमीन आपली आहे. तिची नोंदही आपल्याच हातची असू द्या.

जोहार!

– संपादक मंडळ, लाखनी